पट्टीचे दोन सेंटिमीटर

"अहो, उतरू नका. तिथूनच ऐका. एखाद्या वस्तूवर बाह्य... बाह्य... पुढं काय ते?"

"असंतुलित."

"हां. बाह्य असंतुलित बल कार्यरत नसेल, तर ती वस्तू... थांबा, सांगू नका... ती वस्तू..."

"अगं, तोवर माझा ब्रश वाळेल."

"वाळू दे. ती वस्तू आपल्या विराम अवस्थेत किंवा सरळ रेषेतल्या एकसमान गतीत... मेलं, पुढचं कधी आठवायचंच नाही मला. बोलतं का कुणी असं? तुम्ही कधी कुणाला म्हणालात, बाबा रे, माझी विराम अवस्था मोडू नकोस?"

"म्हणालो असतो. पण तू कुठं विराम देतेस?"

सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघराच्या छताला चुना द्यायचं काम चाललं होतं. वर शिडीवर नवरा. धंद्यानं रंगारी, त्यामुळं गावभरच्या भिंती चकचकीत आणि घरातलं छत सात वर्षं काळं. शिडीच्या चौथ्या पायरीला कपड्याच्या चिमट्यानं भौतिकशास्त्राचं पुस्तक अडकवलेलं. खाली फरशीवर बसून शिडीचा पाय तिनं दोन्ही हातांनी धरलेला. वरून पांढरे थेंब पडत होते, त्यातले काही तिच्या केसांवर, काही न्यूटनवर.

"तुम्ही नुसते वाचत नका बसू. शिडी का धरलीय मी, सांगा."

"बायको आहेस म्हणून."

"फरशी गुळगुळीत आहे म्हणून! शिडी भिंतीला ढकलते, भिंत तिला तेवढ्याच जोरानं परत ढकलते. खाली फरशीनं धरून ठेवलं तर ठीक. नाही धरलं, तर तुम्ही आणि तुमचा डबा दोघंही माझ्या डोक्यावर."

रंगाऱ्यानं ब्रश थांबवला. "हे पुस्तकात आहे?"

"आहे. पण असं नाही."

हेच तिचं दुखणं होतं. माहीत होतं ते लिहिता येत नव्हतं, आणि लिहायचं होतं ते जिभेवर बसत नव्हतं.

कॉलेजात तिला सगळे शून्यमावशी म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागली, तेव्हा शिक्षण सातवी. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून थर्मामीटर फुटला. पारा टेबलाखाली पळाला आणि ही गुडघ्यावर बसून कागदाच्या तुकड्यानं ते चांदीचे मणी गोळा करत राहिली. दोन मणी एकमेकांजवळ आले की टुणकन एक होतात, हे बघून ती रडायचं विसरली. तेव्हाचे म्हातारे सर म्हणाले, "बोटं लावू नको, विषारी आहे ते. आणि खिडकी उघड." बस्स, रागावले नाहीत. त्या दिवसापासून ती खोली तिची झाली. म्हणजे कागदावर नाही, पण झाली.

मुलं प्रयोग करायची, ती कोपऱ्यात फडकं हातात धरून बघायची. वर्षाला दोनशे मुलं, प्रत्येकाचे दहा प्रयोग. दगडावर पाणी पडत राहिलं तर दगडालाही खळगा पडतो, हिचं तर डोकं होतं. पुढं पुढं मुलं सरांऐवजी तिलाच विचारायला लागली. मावशी, हा काटा अडकतोय. मावशी, माझा आरसा बघा ना. आणि तिचा सगळ्यांना पहिला सवाल एकच, "शून्य पाहिलंस का?"

कारण तिच्या लेखी प्रत्येक उपकरण हे जावयासारखं. दिसायला नीटस, पण एखादी खोड असणारच. मोजायच्या आधी रिकामं असताना ते काय दाखवतं ते बघायचं. शून्य दाखवत नसेल तर जेवढं पुढं असेल तेवढं वजा करायचं, मागं असेल तेवढं मिळवायचं. खोडींची एक वहीच होती तिच्याकडं. स्क्रू गेज नंबर चार, तीन घरं पुढं. स्टॉपवॉच नंबर दोन, बटण दाबलं की दमानं उठतं. लांब स्प्रिंगचा काटा, पावसाळी हवेत शून्यावर यायला तयार नसतो, एक टिचकी मारावी.

या वहीत सगळ्यात वर लिहिलं होतं, मीटरपट्ट्या, दोन वजा.

त्याचं असं झालं. आठ वर्षांपूर्वी सुट्टीत लाकडी मीटरपट्ट्या कोठीच्या कोपऱ्यात उभ्या ठेवल्या गेल्या आणि वाळवीनं त्यांची शून्याकडची खालची टोकं खाल्ली. सगळ्यांची. नव्या पट्ट्यांसाठी अर्ज गेला, अर्जाला उत्तर आलं, उत्तराला खुलासा गेला. तोवर मुलांनी काय बोटांनी मोजायचं? मावशीनं सुताराला बोलावलं. त्यानं सगळ्या पट्ट्यांची मोळी बांधली आणि करवतीनं दोन सेंटिमीटरवर एकदाच सगळ्यांची टोकं उडवली. आता पट्टी सुरूच व्हायची दोनच्या आकड्यापासून. टोक टेकवून मोजलं की उत्तर दोन सेंटिमीटरनं जास्त यायचं. म्हणून कायदा ठरला, जे येईल त्यातून दोन वजा. रंगाऱ्यानं सुट्टीच्या दिवशी येऊन लंबकाच्या स्टँडच्या वरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहूनही दिलं, "दोन वजा करा". शेजारी एक फूल काढलं होतं, ते विभागाच्या मोठ्या सरांनी पुसायला लावलं.

नव्या पट्ट्या आल्या त्या चार वर्षांनी. पिवळ्याधमक, वार्निश मारलेल्या. मोठे सर म्हणाले, "मुलं खराब करतील." आणि त्या काचेच्या कपाटात गेल्या. मावशी दर शनिवारी त्या कपाटाची काच पुसायची. पट्ट्या आत, माती बाहेर. मुलं जुन्यांनीच मोजत राहिली आणि वजा दोन त्यांच्या इतकं अंगात मुरलं, की एक पोरगी घरी पडद्याचं कापड मोजतानाही दोन वजा करून आली म्हणतात.

यंदा मात्र वरून नवा नियम आला. उपकरणं हाताळणाऱ्या माणसानं भौतिकशास्त्राची परीक्षा दिलेली पाहिजे. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी, तीही कॉलेजच्या मुलांबरोबरच. पास झाला तर प्रयोगशाळा सहायक. नाही झाला, तर बदली वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात.

"तिथंही वजनकाटा असतो," मोठे सर समजुतीच्या सुरात म्हणाले.

"असतो ना," मावशी म्हणाली. "पण त्यावर कांदे असतात सर."

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं पुस्तक उघडलं. सकाळी चहाच्या आधी एक व्याख्या, रात्री भांडी घासताना एक नियम. लेखी परीक्षा झाली. ती कशी गेली, हे विचारलं की ती म्हणायची, "पेपर गेला. मी मागं राहिले." आता सगळी भिस्त प्रात्यक्षिकावर. ते तर तिच्याच खोलीत, तिच्याच टेबलांवर होणार होतं. रंगारी म्हणाला, "घरच्या विहिरीत कुणी बुडतं का?"

बुडतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती सवयीनं सातला जाऊन उभी राहिली, तर दाराला आतून कडी. मोठ्या सरांनी फटीतून तोंड काढलं. "तू आज परीक्षार्थी. मांडणी तू करायची नाही. नियम आहे."

"मग कोण करतंय?"

"लायब्ररीचा शिपाई."

"त्याला लंबक आणि लोटा यातला फरक कळतो का?"

"मी आहे ना!" म्हणत सरांनी दार लावलं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या दाराच्या बाहेर उभी होती. मुलं जमायला लागली. त्यातली एक चष्मेवाली जवळ आली. हुशार पोरगी, पण परीक्षेच्या दिवशी हिच्या हातांना इतका घाम यायचा की कागद चिकटायचा.

"मावशी, लंबक आला तर काय विसरायचं नाही?"

"झोके वीस मोजायचे. सुटण्याच्या क्षणी शून्य म्हणायचं, एक नाही. आणि लांबीतून..."

"दोन वजा!" आजूबाजूची चार-पाच जणं एका सुरात ओरडली आणि हसली.

आत गेल्यावर सगळं तेच आणि काहीच तेच नव्हतं. भिंतीवरची अक्षरं नियमाप्रमाणं कागदानं झाकलेली. टेबलं पुसलेली, पण कोपरे सोडून. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई काटकुळ्या, करड्या केसांच्या, आणि पेन्सिल कानावर. सुताराची असते तशी. मावशीला ते आवडलं. चिठ्ठ्या उचलल्या. मावशीच्या चिठ्ठीत निघाला साधा लंबक. एकूण सहा जणांना तोच, त्यात चष्मेवालीपण. मावशीचा स्टँड सहावा, हात धुवायच्या बेसिनला लागून.

साधा लंबक म्हणजे दोऱ्याला टांगलेला लोखंडी गोळा. झोका द्यायचा आणि वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. दोऱ्याची लांबी मोजायची. या दोन आकड्यांवरून पृथ्वी कुठलीही गोष्ट किती जोरानं खाली ओढते ते निघतं. पुस्तकातलं उत्तर नऊ पॉइंट आठ. तिनं हा प्रयोग स्वतः केला नव्हता, पण हजार वेळा मांडला होता.

गाठ मारली. पट्टीचं वरचं टोक हुकाला टेकवलं. पट्टी गुळगुळीत लागली हाताला. जुन्यांनाच वार्निश मारलंय वाटतं परीक्षकांना दाखवायला, असं तिच्या मनात आलं. हुक डोक्याच्या वर आणि डोळा खाली गोळ्याकडं, त्यामुळं वर काय आहे ते कुणी बघतच नाही. गोळ्याच्या मध्यावर पट्टी ऐंशी दाखवत होती. वजा दोन, अठ्ठ्याहत्तर.

वीस झोके, छत्तीस सेकंद. परत मोजले, छत्तीस आणि वर एक दशांश. परत, एक दशांश कमी. म्हणजे छत्तीसच. कागदावर गणित मांडलं. बोटं मोजत, जिभेचं टोक दातांत धरून. उत्तर आलं साडेनऊ.

परत मांडलं. साडेनऊ.

या खोलीत नऊ पॉइंट सात येतं, नऊ पॉइंट नऊ येतं. हात कापरा असेल तर नऊ पॉइंट सहा. पण तीन वेळा एकसारखं मोजून साडेनऊ?

झोका मोजायला चुकली का? नाही. एका झोक्याची चूक एवढी लहान नसते. एक झोका इकडचा तिकडं झाला तर उत्तर नवाच्या खाली तरी पडतं, नाहीतर दहाच्या पार तरी जातं. मग घड्याळ? तिनं स्टॉपवॉच भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटभर लावून बघितलं. चोख. दोरा ताणतोय? गोळा तर तोच, डाव्या कानशिलावर पोचा असलेला.

तिनं मान वळवली. चष्मेवाली खोडरबर घासत होती. छत्तीसच्या जवळचं काहीतरी पुसून तिनं लिहिलं, पस्तीस पॉइंट चार पाच. त्यापलीकडचा मुलगा तर स्टॉपवॉचला हातही न लावता सेकंद लिहीत होता. हे उलटं गणित. उत्तर माहीत असतं, लांबी मोजलेली असते, मग वेळ किती यायला हवा तो मागून काढायचा आणि पुढं लिहायचा. आधी बारसं, मग बाळ. वर्षानुवर्षं मुलं हेच करत आली होती, आणि मावशीनं कधी चाडी केली नव्हती. लेकरं आहेत, म्हणून सोडून दिलं होतं.

तिलाही ते येत होतं. दोन ओळींचं काम. स्वयंपाकघर, कांदे, कोपऱ्यातला तो मोठा काटा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पेन्सिल कागदावर टेकलीसुद्धा.

पण जमेना. यात साधुपणा बिधुपणा काही नव्हता. लंबकानं तिला कधी फसवलेलं नव्हतं. माणसं खोटं बोलतात, काटे खोटं बोलतात, टांगलेला गोळा बोलत नाही. मग चूक दुसरीकडं कुठंतरी होती. आणि स्वतःच्या घरात साप शिरलाय हे कळल्यावर, तो कुठल्या फडताळाखाली आहे ते न बघता झोप लागेल अशी ती बाईच नव्हती.

म्हातारे सर एक गोष्ट सांगायचे. दोरा चौपट लांब केला की झोक्याला दुप्पट वेळ लागतो. गोळा जड असो की हलका. तिनं ते कित्येकदा बघितलं होतं. आता तिनं उलटं केलं. दोरा वर ओढत गेली, वीस झोके बरोबर निम्म्या वेळात, अठरा सेकंदांत बसेपर्यंत. आधी अठराच्या वर चार दशांश आलं. गाठ सरकवली, तर दोन दशांश खाली. परत केसभर सैल सोडली. अठरा.

आता नियमानं हा दोरा आधीच्याच्या चौथा हिस्सा पाहिजे. पट्टी लावली. वीस. वजा दोन, अठरा. अठरा चोक बहात्तर.

पण पहिली लांबी होती अठ्ठ्याहत्तर. सहाचा फरक. नियम खोटा? न्यूटन आडवा आला तरी नाही. ती आकड्यांकडं बघत राहिली. मग वजाबाकीच्या आधीचे आकडे तिच्या नजरेत भरले. वीस आणि ऐंशी. वीस चोक ऐंशी. तंतोतंत.

तिनं पट्टी हुकावरून काढली, उलटी केली आणि वरचं टोक डोळ्यांपाशी आणलं. तिथं, टोकाला अगदी चिकटून, काळ्या शाईत ठसठशीत शून्य होतं.

ही काचेच्या कपाटातली, आज परीक्षेसाठी सरांनी बाहेर काढायला लावलेली पट्टी होती. चार वर्षं जिची काच ती शनिवारी पुसत होती, ती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सव्वीस वर्षं जगाला शून्य बघायला सांगणारी बाई स्वतःच्या पट्टीचं शून्य बघायला विसरली होती. तिला हसू आलं आणि लगेच ते विरलं. कारण डावीकडच्या पाच टेबलांवरही त्याच पट्ट्या होत्या, पाच पोरांनी दोन वजा केले होते, आणि ते करायला सकाळी दाराबाहेर तिनंच बजावलं होतं.

तिच्या कागदाचं काय, दोन आकडे बदलले की झालं. ऐंशी लिहायचं, उत्तर पावणेदहा. फर्मास. कुणाला कळणारही नाही. पोरांचंही कळणार नाही, त्यांचं उत्तर तर आधीच पुस्तकातल्यासारखं गोरंगोमटं. बोलायला गेलं तर मोठे सर चिडणार, पोरांची लबाडी उघडी पडणार, आणि परीक्षेत इतरांच्या कामाबद्दल बोललं म्हणून परीक्षक बाईंनी हाताला धरून बाहेर काढलं तर कांदे पक्के.

तिनं हात वर केला.

"काय?" परीक्षक बाई आल्या.

"मॅडम, माझी चूक झालीय. आणि माझ्यामुळं त्या पाच जणांची झालीय."

खोलीतले सगळे झोके थांबल्यासारखं झालं. मोठे सर तीन ढांगांत येऊन पोचले. "काही नाही मॅडम, ही आमची... तिला जरा टेन्शन..."

"तुम्ही थांबा," बाई त्यांना म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

मावशीनं सांगितलं. वाळवी, सुतार, मोळी, करवत. सांगताना पुस्तकातला एकही शब्द तिला आठवला नाही, आणि त्याचं भानही राहिलं नाही. भिंतीवरचा कागद तिनं एका हातानं वर केला. "दोन वजा करा" दिसलं. बाईंच्या कानावरची पेन्सिल हलली, त्या हसत होत्या की काय कळेना.

"आणि चूक आहे हे तुम्हाला कळलं कशावरून? नवी पट्टी दिसली म्हणून?"

"नाही मॅडम. दिसली असती तर कशाला... लंबकानं सांगितलं." मग तिनं वीस आणि ऐंशीचा हिशेब बोटांवर दाखवला.

बाई डावीकडं वळल्या. चष्मेवालीचा कागद उचलला. "तुझी लांबी अठ्ठ्याहत्तर. तूही दोन वजा केलेस?"

"हो," पोरगी पुटपुटली.

"मग तुझं उत्तर बरोबर नऊ पॉइंट आठ कसं आलं?"

पलीकडचा मुलगा छताकडं बघायला लागला. बाईंनी पाचही कागद एकाखाली एक धरले. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ शून्य. एकानं तर नऊ पॉइंट आठ एक लिहून जरा खरेपणाची फोडणी दिली होती.

"लांबी सगळ्यांची चूक, उत्तर सगळ्यांचं बरोबर," बाई म्हणाल्या. "चुकीचं उत्तर या खोलीत एकच. आणि मोजलेलंही तेवढं एकच."

चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी मध्ये पडली, "मॅडम, मीच सांगितलं होतं त्यांना..."

"वजा करायला सांगितलं होतं. खोटे सेकंद लिहायला नव्हतं ना सांगितलं?"

"नाही. पण लिहितात हे माहीत होतं मला. बोलले नाही कधी. ती चूकपण माझ्याच वहीत लिहा."

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग पाच कोरे कागद वाटले. "पंचवीस मिनिटं. पुन्हा करा. जे दिसेल ते लिहायचं. नऊ पॉइंट आठ मला पाठ आहे, ते मला सांगू नका."

पुढची पंचवीस मिनिटं त्या खोलीत लोकांनी खरोखर झोके मोजले. ओठ हलवत, एकमेकांकडं न बघता. उत्तरं आली पाच जणांची पाच. नऊ पॉइंट सहा, नऊ पॉइंट सात, नऊ पॉइंट नऊ, पावणेदहा, आणि त्या छताकडं बघणाऱ्या मुलाचं दहा पॉइंट नऊ. तो झोका सोडताना एक म्हणाला होता. बाईंनी त्याला विचारलं, "कुठं चुकलं सांगता येईल?" त्याला सांगता आलं. तो एवढा खूश झाला की जणू उत्तर बरोबरच आलं होतं.

शेवटी मावशीची तोंडी परीक्षा. खुर्चीच्या टोकावर बसली ती, उठायच्या तयारीत.

"वस्तुमान आणि वजन, फरक सांगा."

"तराजूत समोर मापं टाकून मोजतो ते वस्तुमान. स्प्रिंगच्या काट्याला टांगून बघतो ते वजन. हाच गोळा चंद्रावर नेला तर तराजू इथल्याइतकंच सांगेल. काटा सहावा हिस्सा दाखवेल."

"आणि लंबक तिथं कसा झुलेल?"

"सावकाश. सुट्टीवर गेल्यासारखा."

"गतीचा पहिला नियम?"

मावशीनं डोळे मिटले. "वस्तूवर बाह्य असंतुलित बल कार्यरत नसेल तर ती आपल्या विराम अवस्थेत किंवा सरळ रेषेतल्या एकसमान गतीत..." आणि गाडी नेहमीच्या जागी रुतली. "मॅडम, पुढचा शब्द रंगाखाली गेलाय."

"कशाखाली?"

"घरी छताला चुना देत होते. पुस्तकावर थेंब पडला."

बाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. "बरं, तुमच्या शब्दांत सांगा."

"ढकलल्याशिवाय हलत नाही आणि अडवल्याशिवाय थांबत नाही."

"उदाहरण?"

"माझं दोन वजा करणं," मावशी म्हणाली. "पट्टी बदलली, तरी चालूच राहिलं. अडवणारं कुणी नव्हतं ना मध्ये."

यावर परीक्षक बाईंनी काय लिहिलं ते दिसलं नाही. पण लिहिलं बरंच.

निकाल लागायला सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत मोठे सर तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत. सातव्या आठवड्यात ते कागद घेऊन आले आणि तिच्यासमोर धरून म्हणाले, "लेखीत एका मार्काच्या काठावर वाचलीस."

"पडले नाही ना पण?"

"प्रात्यक्षिकात सगळ्यात वर आहेस." त्यांनी कागद उलटला. "आणि परीक्षकांचं वेगळं पत्र आहे. नव्या पट्ट्या कपाटात का, म्हणून विचारलंय."

मावशीनं ओठ दाबून फडकं झटकलं. "मग काय लिहिताय?"

"ते तूच सांग आता. सहायक आहेस." असं म्हणून त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. अगदी हातात नाही दिली. पण ठेवली.

संध्याकाळी घरी रंगारी सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे भिंतीवरचं माझं अक्षर आता पुसायचं? आठ वर्षं झाली, एक कोपरा उडाला नाही त्याचा."

"तेच तर वाईट झालं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी आणि डबा घेऊन प्रयोगशाळेत हजर. जुन्या अक्षरांवर पांढऱ्याचे दोन हात दिले, तरी "वजा" मधला व आतून वाकुल्या दाखवत होता. तिसरा हात दिला. मग काळा रंग ढवळत त्यानं विचारलं, "सहायक बाई, बोला, काय लिहू?"

"आधी शून्य पाहा."

"फूल काढू?"

"सर पुसायला लावतील."

"मग बारकं काढतो."

तिनं काचेचं कपाट उघडलं. पिवळ्या पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या, प्रत्येकीचं टोक डोळ्यांपाशी नेऊन बघितलं, मगच टेबलावर ठेवली. जुन्या पट्ट्या टाकल्या नाहीत. त्यांना सुतळी बांधली आणि चिठ्ठी लावली, "खोड ओळखायच्या सरावासाठी". वहीतली पहिली ओळ खोडली. खाली नवी लिहिली. परीक्षार्थी स्वतः, सवयीनं दोन कमी मोजते, लक्ष ठेवावं.

दारात चष्मेवाली उभी होती. हातात कागद, या खेपेला कोरडा. "मावशी, आमचा तास आहे. आत येऊ?"

"ये की. शिडीखालून नको, तो बघ रंग गाळतोय." मावशीनं बेसिनखालची बादली ओढली, कालची ओली भांडी काढली आणि पालथी घालायला लागली. "आणि ते चार नंबरचं स्क्रू गेज घेशील तर आधी..."

"शून्य," पोरगी म्हणाली.

"बघ. मला विचारू नकोस."